बालकांची खेळणी : कपाटातून मुलांच्या हातात



शाळेचे स्नेहसंमेलन, स्वातंत्र्यदिन, बालदिन, संक्रांतीचे बोरन्हाण किंवा अंगणवाडीतील नवा प्रवेश, कोणताही प्रसंग असो, गावातील मुलांना काही तरी द्यावे असे सर्वांनाच वाटते. वर्गणी जमते, ग्रामपंचायत तरतूद करते, एखादा दाता पुढे येतो आणि तालुक्याच्या बाजारातून एकगठ्ठा खरेदी होते. वाटप होते, टाळ्या पडतात. मात्र चार महिन्यांनी त्या वस्तूंचे काय झाले हे पाहण्यास सहसा कोणी जात नाही. गेल्यास बहुधा दोन दृश्ये पाहावयास मिळतात. घरी नेलेली खेळणी मोडून उकिरड्यावर पडलेली असतात; आणि शाळेला किंवा अंगणवाडीला दिलेली खेळणी जशीच्या तशी कपाटात कुलूपबंद असतात. एकीकडे वस्तू टिकली नाही, दुसरीकडे ती इतकी टिकली की मुलांचा हातच तिला लागला नाही. पैसा दोन्हीकडे वाया गेला.

खेळणे कसे निवडावे आणि निवडलेले खेळणे मुलाच्या हाती कसे राहावे, हे दोन प्रश्न म्हणूनच एकत्र विचारात घ्यावयास हवेत. पहिल्याचे उत्तर पालक आणि शिक्षक देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर मुख्यतः अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या हाती आहे.

खेळ म्हणजे मुलाचा उद्योग

मोठी माणसे कामातून विसावा म्हणून खेळतात. मुलाचे तसे नाही. त्याचे मोजणे, तोलणे, बोलणे, भांडणे आणि पुन्हा जुळवून घेणे हे सारे शिक्षण खेळातच होत असते. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांचा बगीचा, असे नाव दिले. आपल्या खेळसाहित्याला त्याने ‘भेटी’ असेच म्हटले होते. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची. तिसरी आठ छोट्या घनांत सुटणाऱ्या आणि पुन्हा जुळणाऱ्या एका मोठ्या घनाची. या भेटींत चावी नाही, संगीत नाही, चकाकी नाही. त्यांत जे घडते ते मूल घडविते.

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. बोटांनी करावयाचे खरेखुरे काम समोर असेल, तर मुले शोभेच्या खेळण्यांकडे वळत नाहीत, असा अनुभव त्यांना तेथे आला. हा विचार आपल्याकडे रुजविण्याचे कार्य भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केले. तथापि माँटेसरी साहित्य महाग होते. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, त्या वेळी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्यावर जो मार्ग काढला तो आजही मार्गदर्शक आहे. शिंपले, बिया, खडे, पाने आणि फुले यांनाच त्यांनी शिक्षणसाहित्याचे स्थान दिले. १९५७ पासून हेच कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या सान्निध्यात चालले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच पाड्यावरच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाड्या भरल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. ज्या कार्याने हा शब्द घडविला त्याची सुरुवात दुकानातील खेळण्यांनी झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेतील कलम ३१ मध्ये मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करण्यात आला असून भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्येही ३ ते ८ वर्षे या पायाभूत टप्प्यातील शिक्षण खेळावर आधारलेले असावे, असे सांगितले आहे. याच हेतूने फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच प्रकाशित झाला. धोरण स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो त्या पेटीचे झाकण रोज उघडण्याचा.

निवडीची एक कसोटी

दुकानात उभे राहिल्यावर एकच प्रश्न विचारावा. हे खेळणे काय करते, हा तो प्रश्न नव्हे; याच्याशी मूल काय करील, हा आहे. कळ दाबताच गाणे म्हणणारी बाहुली सारे स्वतःच करते. मुलाला फक्त बघत राहावे लागते. दहा मिनिटांत कुतूहल संपते आणि मूल बाहुली उघडून पाहू लागते. आपण त्याला ‘मोडतोड’ म्हणतो. वस्तुतः त्या खेळण्याशी मुलाला करता येण्यासारखे तेवढेच काम उरलेले असते.

याउलट लाकडी विटांचा संच घ्यावा. त्यातून आज घर होते, उद्या विहीर, परवा आगगाडी. गावातील सुतारालाही तो करता येतो. प्रत्येक विटेची लांबी, रुंदी आणि जाडी यांचे प्रमाण ४:२:१ ठेवावे. मग दोन जाड्या मिळून एक रुंदी आणि दोन रुंद्या मिळून एक लांबी होते. निम्मे आणि पाव म्हणजे काय, हे पहिलीत जाण्यापूर्वी बोटांना कळते. कडा गोल घासून घ्याव्यात, लाकडाला कूस राहू देऊ नये आणि रंग दिला नाही तरी चालेल.

बाहुली, चेंडू, मणी, माती, वाळू, भातुकली आणि ठोकळे यांना पिढ्यान्‌पिढ्या मागणी राहिली याचे कारण हेच आहे. त्यांना एकच एक उपयोग नाही. भातुकलीत मूल हिशेब करते, पाहुण्यांशी बोलते, घरात ऐकलेली भाषा वापरून बघते. म्हणून भातुकली मुलींची आणि गाडी मुलांची, ही वाटणी खरेदीच्या यादीतून काढून टाकावी. हातोडीचे खेळणे मुलीला आणि पोळपाट-लाटणे मुलाला मिळाल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

वय पाहून वस्तू

पहिल्या वर्षात मूल डोळ्यांनी, कानांनी आणि मुख्यतः तोंडाने जग ओळखते. त्याला हाताच्या मुठीत मावणारा पण तोंडात न जाणारा खुळखुळा, धुता येणारी कापडी चिंधीबाहुली आणि पाळण्यावर उंच टांगलेले चिमणाळे पुरेसे होते. चालावयास लागलेल्या मुलाला ढकलण्याच्या आणि ओढण्याच्या वस्तू आवडतात. आपला जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायावर उभे राहून ढकलते. ज्यात मुलाला बसविले जाते तो चाकांचा वॉकर ही वेगळी वस्तू आहे. जिन्यावरून आणि उंबऱ्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आणि बालरोगतज्ज्ञही तो वापरू नये असेच सांगतात.

तीन ते सहा या वयात, म्हणजे अंगणवाडीच्या वयात, ओली माती, पाणी मोजावयाची भांडी, मोठे मणी आणि दोरा, चित्रांचे तुकडे जुळविणे, मुखवटे आणि हातबाहुल्या उपयोगी पडतात. सहा वर्षांनंतर नियम पाळण्यात मुलाला गोडी वाटू लागते. सापशिडी, सागरगोटे, गोट्या, लगोरी, भोवरा आणि पुढे बुद्धिबळ यांची ती वेळ होय. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला भिंग, होकायंत्र, मोजपट्टी किंवा बागकामाचे लहान खुरपे दिले, तर त्याचे खेळणे घराबाहेर आणि शेतात जाते. दृष्टी नसलेल्या मुलासाठी घुंगरू बसविलेला चेंडू आणि निरनिराळ्या पोतांचे कापडी तुकडे यांचा विचार व्हावा. अशा चेंडूने इतर मुलेही खेळतात. वेगळे कोणी पडत नाही.

मोबाइलचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. रडणाऱ्या मुलाच्या हाती तो देणे सर्वांत सोपे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. मोबाइल हे खेळणे नव्हे, हे पालकसभेत स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र त्याच सभेत मुलाच्या हाती त्याऐवजी काय द्यावे हेही दाखविले पाहिजे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर त्यानुसार भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजे आपण ज्याला आय. एस. आय. म्हणून ओळखतो ते, चिन्ह असणे बंधनकारक झाले. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आय. एस. ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांसाठी आय. एस. १५६४४ ही मानके आहेत. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो. नोंदणीकृत हस्तव्यवसाय कारागिरांनी स्वतः तयार करून विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट देण्यात आली आहे. त्यामुळे हाताने घडविलेले खेळणे चिन्ह नसले म्हणून आपोआप बेकायदा ठरत नाही. मात्र मोठ्या रकमेच्या सार्वजनिक खरेदीत चिन्ह नसलेले कारखानी खेळणे स्वीकारण्याचे काहीच कारण नाही.

चिन्हापलीकडेही काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. तीन वर्षांखालील मुलांसाठी लहान सुटे भाग धोक्याचे असतात. त्यांच्या तपासणीसाठी जे नळकांडे वापरतात त्याचा आतील व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच असतो. जाड पुठ्ठ्याची तेवढीच नळी अंगणवाडीत करून ठेवावी. जी वस्तू किंवा जो निखळू शकणारा भाग त्या नळीत मावतो, तो त्या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये. खेळण्याला वीतभरापेक्षा लांब दोरी नसावी. न फुगविलेले किंवा फुटलेले फुगे मुलांच्या आसपास पडू देऊ नयेत. रबराचा तुकडा श्वासनलिकेवर घट्ट बसतो.

बटनासारख्या चपट्या बॅटरीबाबत विशेष दक्षता हवी. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आतच आतील भाग गंभीरपणे भाजू शकतो. तसा संशय जरी आला तरी उलटी करविण्यात वेळ न घालविता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. एकाहून अधिक छोटी, प्रखर लोहचुंबके पोटात गेल्यास ती आतड्यांच्या वेढ्यांतून एकमेकांना ओढून घेतात आणि आतड्याला छिद्र पडते. स्वस्त, झगझगीत रंगांत शिसे असू शकते. शिसे मेंदूच्या वाढीस घातक असून त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानलेली नाही. रंग नखाने खरवडला जात असेल किंवा उग्र वास येत असेल, तर ते खेळणे परत करावे.

आपल्या परिसरातील खेळणी

महाराष्ट्राला लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील कारागिरांनी घडविलेली रंगीत लाकडी फळे आणि खेळणी घरोघर पोहोचली आहेत. शेजारच्या कर्नाटकातील चन्नपट्टण येथे चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी लावतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा गुळगुळीत थर चढतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले सजविलेले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळतात. दिवाळीत किल्ला बांधणारी मुले मातीचे मावळे मांडतात. या प्रथांमुळे मुलांच्या हाती खेळणी येतात आणि सुतार, कुंभार, कातारी यांच्या हाती काम येते. अंगणवाडीच्या खरेदीतील थोडा हिस्सा जरी या हातांकडे वळला, तरी दोन्ही हेतू साधतील.

काही खेळणी तर विकत घ्यावीच लागत नाहीत. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्याशी संबंध आल्यानंतर अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे कार्य हाती घेतले आणि पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत ते अनेक वर्षे चालविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांची त्यांची जोडणी कोणत्याही शाळेत करता येते. ट्यूबच्या तुकड्यांनी चार काड्या जोडून चौकोन करावा. बोटाने दाबताच तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. छपराच्या कैच्यांत आणि लोखंडी पुलांत त्रिकोण का असतात, हे मुलाला व्याख्यानाशिवाय समजते. काड्यांचे गूल मात्र आधी शिक्षकांनी खरवडून टाकावे.

छोटी भेट, मोठा विचार

बक्षिसे आणि वाटपाच्या वस्तू यांनाही हीच कसोटी लागू पडते. रंगीत खडूंची पेटी, दोरीउडीची दोरी, रबरी चेंडू, गोष्टीचे पुस्तक या वस्तू वापरून संपतात किंवा वाचून दुसऱ्याकडे जातात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे. अशा मासिकाची वार्षिक वर्गणी ही एका मुलासाठी वर्षभर पुरणारी भेट ठरते. चकचकीत कपापेक्षा ती नक्कीच उपयोगी.

बोरन्हाणाच्या प्रसंगी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, शेंगदाणे आणि आता गोळ्या ओतल्या जातात आणि भोवतीची मुले त्या लुटतात. हा आनंद जरूर राहावा. परंतु अगदी लहान मुलाच्या हाताजवळ बोराची बी, शेंगदाणा आणि कडक गोळी राहू देऊ नये. ती घशात अडकण्याचा धोका असतो. आलेल्या मुलांना मऊ चेंडू, रंगखडू अशा वस्तू द्याव्यात.

वाटपात आणखी एक पथ्य पाळावे. दुर्बल घटकातील मुलांना वेगळी रांग करून, छायाचित्रासाठी थांबवून वस्तू देऊ नयेत. खेळणे सर्वांना एकसारखे किंवा सर्वांच्या सामाईक मालकीचे असावे. दान घेतल्याची जाणीव करून देणारी वस्तू मूल मोकळेपणाने खेळत नाही.

कपाटाचे कुलूप कोणी लावले?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खेळणी कपाटात राहतात याचा दोष सेविकेला किंवा शिक्षकाला देणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. खेळणी आली की बाक आणि घंटेप्रमाणे त्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. तपासणीच्या वेळी नोंदीतील नग आणि प्रत्यक्षातील नग जुळवून पाहिले जातात. एक बाहुली कमी भरली तर खुलासा द्यावा लागेल, वसुली होईल, या भीतीपोटी सेविका सर्वांत सुरक्षित मार्ग पत्करते. ती कुलूप लावते. पाहुणे येणार असतील त्या दिवशी खेळणी बाहेर येतात आणि पाहुणे गेले की पुन्हा आत जातात. जी वस्तू मुळात जड नव्हतीच, तिला नोंदवहीने जड केले.

यावर उपाय कठीण नाहीत. घसरगुंडी, झोपाळा अशा टिकाऊ वस्तू आणि चेंडू, मणी, बाहुल्या, चित्रपट्ट्या अशा झिजणाऱ्या वस्तू यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. झिजणाऱ्या वस्तूंचे निर्लेखन प्रचलित नियमांनुसार दरवर्षी नियमितपणे करून घ्यावे. त्यासाठी सेविकेने अर्ज करीत फिरावे लागू नये. तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने ‘किती शिल्लक आहेत?’ या प्रश्नाआधी ‘यंदा काय काय मोडले?’ असे विचारावे. वर्षभरात एकही खेळणे झिजले नसेल, तर शाबासकी न देता कारण विचारावे.

खरेदी ठरविताना केवळ कमीत कमी दर पाहू नये. नमुना आधी अंगणवाडीत न्यावा आणि अर्धा तास मुलांच्या हाती द्यावा. जे अर्ध्या तासात मोडेल ते घेऊ नये आणि जे अर्ध्या तासात बाजूला पडेल तेही घेऊ नये. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. तीतून एकदाच मोठी खरेदी करण्यापेक्षा दरवर्षी थोडे साहित्य आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम ठेवणे हितावह होय. महिन्यातून एक दिवस गावातील सुतार आणि शिंपी यांना बोलावून चाके बसविणे, बाहुल्या शिवणे, विटा घासणे ही कामे मुलांदेखत करून घ्यावीत. मोडलेली वस्तू दुरुस्त होते, हेही एक शिक्षणच आहे. जेथे शक्य असेल तेथे ग्रंथालयाप्रमाणे खेळणी शनिवारी घरी नेऊन सोमवारी परत करण्याची सोय करावी. ज्या घरात एकही खेळणे नाही, तेथेही मग दोन दिवस मुलांचा आवाज घुमेल.

मुलाचे बालपण खेळण्याच्या आयुष्याइतकेही थांबत नाही. यंदा तीन वर्षांचे असलेले मूल तीन वर्षांनी अंगणवाडीतून बाहेर पडेल. त्याने न हाताळलेली बाहुली कपाटात तशीच नवी राहील आणि नोंदवहीत नगही बरोबर भरतील. परंतु ज्या मुलासाठी ती आणली होती ते मूल तोवर मोठे झालेले असेल. म्हणून येत्या तिमाहीत आपापल्या गावच्या अंगणवाडीला आणि शाळेला भेट देताना प्रत्येकाने प्रथम कपाटाची किल्ली मागावी, खेळणी मुलांच्या पुढ्यात मांडावीत आणि ती रोज तशीच मांडली जातील, अशी जबाबदारी लेखी स्वीकारावी.